पोट्टं जहाजावर चाललं: आयएमओ, डीजी शिपिंग, आयटीएफ... यातलं कोण नेमकं काय करतं?

धंतोलीकर

नमस्कार मंडळी. आमच्या घराण्यात समुद्राशी कुणाचा संबंध आला तो जुहू चौपाटीवर भेळ खाण्यापुरताच, म्हणून विचारतोय.

बहिणीचा मुलगा उमरेडला असतो, यंदा बारावी सायन्स झाला. सीताबर्डीत एक एजंट आहे. त्याने 'मर्चंट नेव्हीत पक्की नोकरी' सांगितली आहे. साडेचार लाख रुपये, ४५ दिवसांचं ट्रेनिंग, पनामाची सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक), मग दुबईला जाऊन तिथून जहाज पकडायचं. त्याच्या माहितीपत्रकावर खाली रांगेने लोगो आहेत: आयएमओ, आयएलओ, डीजी शिपिंग, आयटीएफ. वर ठळक अक्षरांत 'आयएमओ मान्यताप्राप्त'. जहाजाचं नाव आणि सात आकडी नंबरसुद्धा त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवला आहे. बहीण पाटल्या मोडायला निघाली आहे.

या संस्था खऱ्या आहेत हे गुगलवर कळलं. पण यातली कोण नोकरी देते, कोण तपासते आणि उद्या पोराचं काही वाईट झालं तर कोण धावून येते, ते काही कळेना. जाणकारांनी सांगावं.

तर्री पोहे

आधी त्याले अंबाझरीत पॅडल बोट चालवाले सांगा. तिथं उलटी झाली नाही तर पुढचं पाहू.

मनीषनगरचा इंजिनरूम

तर्रीभाऊ, उलटी सगळ्यांनाच होते. चीफ इंजिनिअरलाही होते, फक्त तो ती रजिस्टरमध्ये लिहीत नाही.

धंतोलीकर, पैसे देऊ नका. कारण सविस्तर सांगतो. जहाजावर इंजिनात आयुष्य काढून आता नागपुरात निवृत्त झालोय, वेळच वेळ आहे.

'आयएमओ मान्यताप्राप्त' हे शब्द दिसले की पत्रक तिथेच ठेवून उठावं. आयएमओ ही संयुक्त राष्ट्रांची संस्था, लंडनमध्ये थेम्सच्या काठी तिचं ऑफिस आहे. १९४८ च्या जिनिव्हा परिषदेत तिचा करार झाला, अंमल १९५८ पासून. १७६ देश सदस्य आहेत. ती नियम लिहिते. टायटॅनिक १९१२ साली बुडाली, त्यातून १९१४ मध्ये सोलास, म्हणजे समुद्रात जीव वाचवण्याच्या नियमांचा करार आला. त्याची आजची १९७४ ची आवृत्ती आयएमओ सांभाळते. समुद्रात तेल-कचरा सोडू नये म्हणून मार्पोल. खलाशाला किमान काय शिकवलं पाहिजे यासाठी १९७८ चा एसटीसीडब्ल्यू, जो २०१० मध्ये मनिलात मोठा दुरुस्त झाला. पण आयएमओ कुठल्याही एजंटला, कॉलेजला किंवा कोर्सला मान्यता देत नाही. तिच्याकडे जहाजावर चढून तपासणी करणारा एकही इन्स्पेक्टर नाही. नोकरी तर ती देतच नाही.

आयएलओ म्हणजे कामगारांची जागतिक संघटना, जिनिव्हाची. तिचा २००६ चा मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, आम्ही एमएलसी म्हणतो, ऑगस्ट २०१३ मध्ये लागू झाला आणि भारताला ऑक्टोबर २०१६ पासून. पोराचं पोट, झोप आणि पगार याच्याशी ज्याचा थेट संबंध आहे तो कागद हाच. चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्यात ७७ तास. घरी परतीचं तिकीट मालकाच्या खर्चाने. आणि तुमच्या कामाचं कलम: नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून फी घ्यायची नाही. खलाशाने स्वतः खर्च करायचा तो मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी अशा स्वतःच्या कागदांचा. व्हिसाचा खर्चसुद्धा मालकाचा. आता ते साडेचार लाख कशाचे, हे एजंटला विचारा.

नियम लंडन-जिनिव्हात लिहिले जातात, पण राबवतो जहाजाचा झेंडा ज्या देशाचा आहे तो देश. आणि गोंधळ इथेच आहे. मालक ग्रीसचा, जहाज बांधलं कोरियात, झेंडा पनामाचा, खलाशी आपले. आपल्याकडे ट्रकमालक नागपूरचा आणि पासिंग नागालँडचं, तसंच. जगातल्या एकूण जहाजी क्षमतेचा फार मोठा भाग लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटं या तिघांच्या झेंड्याखाली फिरतो.

डाली जहाजाचं उदाहरण घ्या. २६ मार्च २०२४ ला बाल्टिमोरचा पूल ज्याच्या धडकेने पडला ते. झेंडा सिंगापूरचा, भाड्याने घेणारी कंपनी डेन्मार्कची, जहाजाच्या बांधणीचा दर्जा तपासणारी संस्था जपानची, जबाबदारीचा विमा लंडनच्या, जहाजमालकांनी मिळून चालवलेल्या क्लबचा, चौकशी अमेरिकेची. आणि जहाजावर २१ खलाशी, त्यातले २० भारतीय. अपघातानंतर ही पोरं आठवडेच्या आठवडे जहाजावरच अडकली, तपासासाठी त्यांचे फोनही काढून घेतले गेले. घरी बोलता यावं म्हणून सिमकार्डं आणि फोन पोचवले ते खलाशांच्या संघटनांनी आणि बंदरातल्या सीफेअरर्स सेंटरच्या लोकांनी. एवढे देश गुंतलेले, पण "आईला फोन कर" म्हणणारे ते.

धंतोलीकर

बापरे. काका, मग आपल्या डीजी शिपिंगचं काय काम?

मनीषनगरचा इंजिनरूम

तेच तुमचं पहिलं दार. १९४९ साली स्थापन झालेलं केंद्र सरकारचं महासंचालनालय, आता मुंबईत कांजूरमार्गला. भारतातली ट्रेनिंगची कॉलेजं मान्य करणं, परीक्षा, सीडीसी, खलाशाच्या नोंदणीचा इंडोस नंबर, सगळं त्यांच्या अखत्यारीत. आणि परदेशी जहाजावर भारतीय खलाशी पाठवणाऱ्या एजंटांना लायसन्स देणं. त्याला आरपीएसएल म्हणतात. नंबर साधारण 'आरपीएसएल-एमयूएम' आणि पुढे आकडा असा असतो. डीजीच्या संकेतस्थळावर यादी आहे. नाव, नंबर आणि मुदत, तिन्ही जुळली पाहिजेत. एजंट म्हणेल "आमचं टाय-अप आहे". टाय-अपला काही अर्थ नाही. ज्याच्या नावावर लायसन्स, त्याच्याच लेटरहेडवर करार.

भारतीय मुलाला पनामाची सीडीसी कशाला हवी, हाही प्रश्न आहेच. आपली सीडीसी मिळवायला डीजी-मान्य कोर्स करावे लागतात, आग विझवणं, पाण्यात तग धरणं, प्रथमोपचार वगैरे. तो रस्ता चुकवायचा असला की ४५ दिवसांत पनामा आठवतं.

डेकवाला भंडारा

काका, एकदम बरोबर बोलून राहिले. मी जीपी रेटिंग, म्हणजे साध्या खलाशाचा कोर्स, करून ओएस (नवखा खलाशी) लागलो, आता एबी (पक्का खलाशी) आहे. माझा कोर्स सहा महिन्यांचा होता, दहावीवर होते. मुंबईत सुरुवातीचे चार दिवस ताक मागितलं की सोलकढी मिळे, त्याच्यापेक्षा कठीण काहीच नव्हतं.

पण आमच्या गावचाच एक पोट्टा असाच टुरिस्ट व्हिसावर गेला. कंपनीचं नाव नाही घेत. यूएईच्या बाहेर नांगरलेलं छोटं टँकर. सात-आठ महिने झाले, पगार दोनदाच. मग मालकाने फोन उचलणं बंद केलं. डिझेल संपत आलं म्हणून जनरेटर दिवसातून दोन तास चालवायचे. त्या दोन तासांत सगळ्यांनी मोबाइल चार्जिंगला लावायचे, भात शिजवायचा, टाकीतलं पाणी वर चढवायचं. फ्रीजर बंद, मांस सडलं, ते समुद्रात फेकलं. उन्हाळ्यात केबिनमध्ये झोपणं अशक्य, म्हणून पोट्टे डेकवर ओली चादर टाकून पडत. पासपोर्ट कॅप्टनकडे आणि कॅप्टनही त्यांच्यासारखाच अडकलेला.

सुटले कसे ते ऐका, कामाचं आहे. मेसच्या भिंतीवर काचेत एक सर्टिफिकेट लावलेलं होतं. एमएलसीप्रमाणे जहाज सोडून देण्याच्या प्रसंगासाठी मालकाने विमा काढलेला पाहिजे आणि त्याची प्रत सगळ्यांना दिसेल अशी लावली पाहिजे. हे २०१७ च्या जानेवारीपासून लागू. त्यावर विमा कंपनीचा पत्ता, ईमेल असतो. पोट्ट्याने त्याचा फोटो काढला आणि आयटीएफला पाठवला. विमा चार महिन्यांपर्यंतचा पगार, जेवणखाण आणि घरी परत आणायचा खर्च देतो. त्याला तेवढंच मिळालं, बाकीचे महिने बुडीत. पण घरी आला.

तो कागद नसता तर आजही तिथेच भात शिजवत असता.

तर्री पोहे

भाऊ, हे वाचून मस्करी कराची इच्छा गेली.

खामल्याची प्राजक्ता

माझे मिस्टर थर्ड इंजिनिअर आहेत, म्हणून घरच्या बाजूने लिहिते. आयटीएफ ही कामगार संघटनांची जागतिक संघटना, १८९६ ची, लंडनची. ज्या देशाशी मालकाचा संबंध नाही त्या देशाचा झेंडा लावायच्या प्रकाराविरुद्ध त्यांची मोहीम १९४८ पासून चालू आहे. त्यांचे इन्स्पेक्टर जगभरच्या बंदरांत असतात आणि ते खरोखर जहाजावर चढतात, पगाराच्या वह्या तपासतात. आपल्याकडे ऑफिसर लोकांची मेरिटाइम युनियन ऑफ इंडिया आणि खलाशांची नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स, नुसी म्हणतात, या दोन्ही तिच्याशी जोडलेल्या. यांनी सगळं केलं असं मी डोळे झाकून म्हणणार नाही. एकदा आमच्या पगाराच्या घोळात फोनवर फोन करून शेवटी कंपनीच्याच एचआरने मार्ग काढला. पण करारावर युनियनचा शिक्का असेल तर कंपनी वेगळ्या सुरात बोलते, हा माझा अनुभव.

घरच्यांनी लक्षात ठेवायचं दुसरं नाव इस्वान, खलाशांच्या कल्याणासाठी काम करणारी संस्था. त्यांची सीफेअररहेल्प नावाची हेल्पलाइन चोवीस तास, फुकट, हिंदीतही बोलतात. आणि ती खलाशाच्या कुटुंबासाठीही आहे, हे बऱ्याच बायकांना माहीतच नसतं. कोविडमध्ये जवळपास चार लाख खलाशी करार संपूनही जहाजावर अडकले होते, त्यात आमचेही. रात्री दोनला सासूबाईंना काय सांगायचं, हे विचारायला मला तोच नंबर होता. उपाय त्यांच्याकडेही नव्हता, विमानंच बंद. पण समोरच्या बाईला 'साइन ऑफ' (करार संपवून जहाजावरून उतरणं) म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही.

बंदरांत चर्चच्या संस्थाही फार काम करतात. मिशन टू सीफेअरर्स १८५६ पासून आहे, पंख पसरलेला देवदूत हे त्यांचं चिन्ह. कॅथलिकांची स्टेला मारिस. धर्म कुणी विचारत नाही. वायफाय, गरम चहा आणि बंदराच्या फाटकापासून बाजारापर्यंत गाडी.

अजनी यार्ड

मी कस्टम क्लिअरिंगमध्ये आहे. अजनीच्या कंटेनर डेपोतून माल जेएनपीटीला रवाना करण्यात आयुष्य चाललंय, त्यामुळे नागपूरला समुद्र नाही असं कुणी म्हटलं की राग येतो. इथून डबा सील होऊन निघतो तो थेट बोटीवर चढतो.

धंतोलीकर, तुम्ही म्हणालात जहाजाचा सात आकडी नंबर दिलाय. तो टाका इथे. कंटेनरच्या नंबरात शेवटचा आकडा चौकोनात असतो, तो आधीच्या अक्षरा-आकड्यांवरून काढलेला ताळा असतो. जहाजाच्या आयएमओ नंबरलाही तसाच ताळा आहे.

धंतोलीकर

९४१२३५७.

अजनी यार्ड

पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं. बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे नंबराचा सातवा आकडा.

आधी खरा नंबर घेऊ, वर काकांनी सांगितलेल्या डालीचा: ९६९७४२८. ९ गुणिले ७, ६३. ६ गुणिले ६, ३६. ९ गुणिले ५, ४५. ७ गुणिले ४, २८. ४ गुणिले ३, १२. २ गुणिले २, ४. बेरीज १८८. शेवटचा आकडा ८, आणि नंबराच्या शेवटीही ८. जुळलं.

आता तुमचा. ६३, २४, ५, ८, ९, १०. बेरीज ११९. शेवटी ९ यायला हवा. तुमच्या नंबरात ७ आहे. असं जहाज असूच शकत नाही.

तर्री पोहे

आयघो... पेपर फुटला एजंटचा.

मनीषनगरचा इंजिनरूम

वा! हे तर माझ्याही डोक्यात नव्हतं आलं. टाइप करताना आकडा चुकला असेल असं तो म्हणेल, म्हणून अजून एक करा. इक्वेसिस नावाचं फुकट संकेतस्थळ आहे, नोंदणी करून जहाजाचं नाव किंवा नंबर टाका. मालक, झेंडा, आणि कोणत्या बंदरात कशासाठी अडवलं होतं, सगळं दिसतं. हा नंबर जहाजाच्या अंगावर कायमचा कोरलेला असतो, २००४ पासून सोलासमध्ये सक्ती आहे. जहाज विकलं, नाव बदललं, झेंडा बदलला, तरी नंबर तोच.

अडवण्यावरून आठवलं. झेंड्याचा देश झोपला असेल तर बंदराचा देश जागा असतो. त्याला पोर्ट स्टेट कंट्रोल म्हणतात. १९८२ च्या पॅरिस करारापासून देशांनी मिळून हे सुरू केलं. हिंदी महासागरासाठी आपलाही तसाच समझोता आहे. लाइफबोट खाली येत नाही, विश्रांतीच्या तासांच्या नोंदी खोट्या आहेत, स्वयंपाकघरात झुरळं आहेत, काहीही सापडलं की जहाज तिथेच थांबवतात. भाड्याचं जहाज एक दिवस थांबलं की मालकाचे हजारो डॉलर जातात, म्हणून लंडनच्या नियमापेक्षा त्याला या इन्स्पेक्टरच्या टॉर्चची भीती जास्त. एका बंदरात इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर आमच्या कॅप्टनने इंजिनरूममध्ये रात्रभर रंगकाम करून घेतलं होतं. ओला रंग इन्स्पेक्टरच्या बुटाला लागला, बाकी पास.

वकील सिव्हिल लाइन्स

दोन गोष्टी कायद्याच्या.

एक, १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यातल्या कलम ९७ नुसार खलाशाला काम मिळवून देण्यासाठी त्याच्याकडून पैसे मागणं हाच गुन्हा होता. २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आहे, त्यामुळे तक्रार लिहिताना कलमाचा आकडा वकिलाकडून तपासून घ्या. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहेच, ती तक्रार सीताबर्डीच्या ठाण्यातही होते. टोकन वगैरे दिलं आहे का?

दोन, पगार बुडाला तर खलाशाचा हक्क जहाजावरच असतो, मालकावर नंतर. २०१७ च्या अॅडमिरल्टी कायद्यात जहाजावरच्या हक्कांच्या क्रमवारीत कॅप्टन-खलाशांचा पगार सगळ्यात वर ठेवला आहे. आपल्या समुद्रात असलेल्या जहाजाला उच्च न्यायालय अटक करू शकतं, लिलावही होतो. बँकेचं कर्ज पगारानंतर. नागपूर खंडपीठात असा खटला लढवायची माझी फार इच्छा आहे, पण जहाज इथवर येईल कसं, गडकरीसाहेबच जाणोत.

धंतोलीकर

टोकन २५,००० दिले आहेत, यूपीआयवर. पावती मागितली होती, "ऑफिसात या" म्हणाला.

आज दुपारी गेलो. आरपीएसएल नंबर विचारला. आधी म्हणाला मुंबईच्या कंपनीशी टाय-अप आहे (काका, तुमचाच शब्द!). कंपनीचं नाव विचारलं तर "ते जॉइनिंगच्या वेळी सांगतो". जहाजाचा नंबर बसत नाही असं म्हटलं तर म्हणे नवीन जहाज आहे, नंबर बदलत असतात. मी काही बोललो नाही, पत्रकाचा फोटो काढून घेतला आणि निघालो. बहिणीला नंबराची बेरीज कागदावर करून दाखवली. ती प्राथमिक शाळेत गणित शिकवते, तिला बाकी काही सांगावं लागलं नाही.

वकील सिव्हिल लाइन्स

यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पत्रकाचा फोटो आणि व्हॉट्सअॅप चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. ठाण्यात लेखी द्या, पोच घ्या. तीच प्रत डीजी शिपिंगला ईमेल करा, विनापरवाना एजंटांविरुद्ध तक्रारी ते घेतात. पैसे परत करतो म्हणून तो फोन करेल. रोख घेऊ नका, खात्यावरच मागा.

डेकवाला भंडारा

भाच्याला सांगा नाराज नको होऊस. बारावी सायन्स आहे ना, मग आयएमयूची सीईटी दे. आयएमयू म्हणजे इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी, केंद्राची, चेन्नईची, नवी मुंबईत पण कॅम्पस आहे. पीसीएमला ६० टक्के लागतात. डीएनएस, म्हणजे नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा, एक वर्षाचं, मग कॅडेट म्हणून जहाजावर. मार्क कमी असले तर माझ्यासारखं जीपी रेटिंग, पण कॉलेज डीजीच्या यादीतलंच. फी तिथंही लागते, फुकट नाही. फक्त ती शिकायची फी असते.

आणि सगळ्यांनाच जहाज लगेच भेटत नाही, हे पण आत्ताच सांगून ठेवा. कोर्स करून घरी बसलेले पोट्टे मी खूप पाहिले.

बेसा रोड

धागा वाचतेय. माझी मुलगी अकरावीला आहे, तिला डेक साइडलाच (जहाज चालवण्याच्या बाजूला) जायचं आहे. मुलींना घेतात का आणि आधीपासून काय तयारी करावी?

मनीषनगरचा इंजिनरूम

घेतात, आणि मुलींना वयात थोडी सवलतही आहे. माझ्या शेवटच्या जहाजावर सेकंड ऑफिसर मुलगीच होती, ब्रिजवरचा (जहाज चालवायच्या खोलीतला) आवाज तिच्यामुळेच कमी असायचा.

पण क्लास लावायच्या आधी डोळे तपासून घ्या, ताई. डेकसाठी चष्म्याशिवाय ६/६ लागतं, इंजिनला चष्म्याची थोडी सूट आहे, रंगांधळेपणा मात्र दोन्हीकडे चालत नाही. रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिवा आहे की हिरवा, यावरून वळायचं कुणी ते ठरतं. तपासणी साध्या चष्म्याच्या दुकानातली नको. डीजी शिपिंगने मान्य केलेल्या डॉक्टरांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे, त्यातल्याच डॉक्टरकडून करा. लाखभर फी भरून झाल्यावर मेडिकलला बाहेर पडलेली मुलं मी पाहिली आहेत.

बेसा रोड

धन्यवाद काका. तिला चष्मा आहे, पाऊण नंबर. मग इंजिनचंच बघतो.

मनीषनगरचा इंजिनरूम

या इकडे. आमच्याकडे उकडतं, पण पगार तेवढाच असतो.